राक्षसाचे पान कोणी लिहिले?

चळवळीच्या दैनिकात अमेरिकन खेळाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील आणि तो रास्तच आहे. ॲट्रॉसिटीची प्रकरणे न्यायालयांत पडून आहेत, शिष्यवृत्तीसाठी मुले कार्यालयांचे उंबरे झिजवीत आहेत, खासगीकरणाने राखीव जागा आतून पोखरल्या आहेत. अशा वेळी फासे आणि ड्रॅगन घेऊन बसायला आम्हाला सवड कोठून मिळाली? सवड मिळाली नाही, ती काढावी लागली. या देशात मनुस्मृती जेवढ्या घरांत वाचली गेली, त्याहून कितीतरी अधिक घरांत देव-दैत्यांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. विषमता पटवून देण्याचे काम पोथीने केले, पण ती अंगवळणी पाडण्याचे काम गोष्टींनी केले. म्हणून गोष्टींचा कारखाना जिथे जिथे चालतो, तिथे आपले लक्ष असले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. तो जग उभे करतो, प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. ‘मी दार फोडतो’ असे खेळाडू म्हणाला की वीस बाजूंचा फासा टाकायचा; पात्राची ताकद आणि फाशावरचा आकडा यांवर दार फुटते किंवा फुटत नाही. यात पट नसला तरी चालते. हार-जीतही ठरलेली नसते. सर्वांनी मिळून रचलेली गोष्ट एवढेच हाती राहते. पुण्यात नोकरी करणारी, वसतिगृहात राहून शिकलेली आपली काही मुले रविवारी हा खेळ खेळतात. त्यांच्यात एकदा वाद पेटला, की जुन्या अद्भुत कथांतील कोणत्या गोष्टी या खेळात ठेवाव्यात आणि कोणत्या काढून टाकाव्यात. निवाडा करायला वकील हवा म्हणून आम्हाला बोलावले. आम्ही पुस्तके मागून घेतली आणि वाचली. कायद्याचे पुस्तक वाचावे तशी वाचली, कारण ती मुळात नियमांचीच पुस्तके आहेत.

आधी ज्यावर फारसा वाद नाही ते संपवू. ड्रॅगन असावा. युरोपच्या कथांत तो सोन्याच्या ढिगावर बसून राहतो, स्वतः खर्च करीत नाही आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही. असा प्राणी ओळखायला आपल्या वाचकांना चित्र दाखवावे लागणार नाही. चीनमध्ये तोच ड्रॅगन पाऊस आणणारा, शुभ मानला जातो. एकाच प्राण्याच्या दोन प्रकृती दोन देशांत असू शकतात, हे येथेच ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. तळघरे असावीत, भुयारे असावीत, जुनी ओसाड नगरे असावीत. कोणीतरी आधी राहून गेले आहे आणि त्याचा इतिहास मातीखाली दाबला गेला आहे, ही कल्पना सांची आणि नालंदा मातीखालून वर आलेली पाहणाऱ्यांना परकी वाटण्याचे कारण नाही.

जादूचे काय? येथे आमच्यातीलच काही जण हरकत घेतात. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांनी, तो कायदा २०१३ साली मिळाल्यावर, मंत्राने आग पाडणारे पात्र घेऊन खेळायचे काय? हरकत प्रामाणिक आहे, पण टिकणारी नाही. बुवा फसवतो कारण त्याच्या जादूचा नियम त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसतो. या खेळात प्रत्येक मंत्राचा नियम छापलेला असतो. किती अंतरावर चालतो, किती वेळ टिकतो, कशाने निष्फळ होतो, हे समोरचा माणूस पुस्तक उघडून वाचू शकतो. शिवाय जुन्या नियमांत मांत्रिकाला मंत्र रोज पाठ करावा लागे आणि एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जाई. ही युक्ती जॅक व्हॅन्स या लेखकाच्या कथांतून घेतलेली आहे. कायद्याची परीक्षा दिलेल्या कोणालाही ती खरी वाटेल. मंत्र अभ्यासाने येतो, पुस्तक ज्याच्या हाती येईल त्याला येतो, ही गोष्ट आम्हाला आवडली. २००० सालच्या आवृत्तीत मात्र ‘सॉर्सरर’ नावाचा दुसरा जादूगार आला. त्याला अभ्यास लागत नाही. त्याच्या अंगातच ती शक्ती असते आणि पूर्वज ड्रॅगन असल्याने ती आली असे पुष्कळदा सांगितले जाते. रक्तातून आलेली विद्या! याचा वास आम्हाला ओळखीचा वाटला.

देवांबद्दल जास्त लिहीत नाही. १९८० साली या खेळाचे देवांविषयीचे पुस्तक निघाले. त्यात इंद्र, विष्णू, काली यांनाही घाव सोसण्याचे आकडे लावून बसवले आहे. अमुक इतके घाव बसले की देव मेला. आमची त्याला हरकत असण्याचे काही कारण नाही. हरकत ‘मंक’ या पात्राला आहे. भिक्खूचा चिवर, ध्यान, विनय हे सारे घेऊन त्याला लाथा-बुक्क्यांचा पहिलवान करून टाकला आहे. हे चिनी मारामारीच्या चित्रपटांचे संस्कार. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या खेळात पात्र घेताना ते कोणत्या ‘रेस’चे ते आधी ठरवावे लागे. माणूस, एल्फ, ड्वॉर्फ, हॉबिट. हे सारे प्रामुख्याने जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांतून उचललेले. हॉबिट हा शब्द टॉल्किन यांच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर काही वर्षांत काढावा लागला आणि तेच बुटके लोक ‘हाफलिंग’ नावाने पुन्हा आले. वकील म्हणून आम्हाला गंमत वाटली. नाव काढायला कायद्याची नोटीस पुरली, पण नावामागची कल्पना हलली नाही.

कल्पना काय होती? १९७४च्या नियमांत हॉबिटला फक्त लढवय्या होता येई आणि तोही चौथ्या पायरीपर्यंतच. कितीही पराक्रम केला तरी पाचवी पायरी नाही. माणसाला मात्र मर्यादा नाही. १९७८च्या पुस्तकात या मर्यादांचे मोठे कोष्टकच आहे. ते आम्ही दोनदा तपासले. एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग यांना लढवय्याच्या पेशात अमुक पायरीवर अडवलेले आहे. चोराच्या पेशात मात्र अडवलेले नाही, तिथे पाहिजे तेवढे चढावे! आणि ऑर्क व माणूस यांच्या संबंधातून जन्मलेल्या ‘हाफ-ऑर्क’ला अमर्याद वाट एकच, मारेकऱ्याची. स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली. त्याच पुस्तकात दुसरे कोष्टक आहे, की कोणत्या वंशाला कोणता वंश कितपत सहन होतो. ड्वॉर्फाला एल्फाचा तिटकारा, ड्वॉर्फ आणि हाफ-ऑर्क यांचा परस्परांत उघड द्वेष. अक्षरांच्या खुणा करून रकाने भरलेले आहेत. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचा तक्ता कोणी पोरांच्या खेळासाठी छापला असता तर तो फार वेगळा दिसला नसता. हे बनवणाऱ्यांनी भारताची जातिव्यवस्था डोळ्यांसमोर ठेवली होती, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना तिची गरजच पडली नाही. जन्मावर गुण ठरवायचे एकदा मान्य केले, की तक्ता आपोआप तसाच होतो.

टॉल्किन यांच्यावर सगळे खापर फोडण्याची जी रीत आहे, ती आम्हाला मान्य नाही. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने त्यांना ते ‘आर्य’ वंशाचे आहेत का असे विचारले, तेव्हा त्यांनी तयार केलेल्या उत्तरात त्या प्रश्नाची खिल्ली उडवली. आर्य म्हणजे भारत-इराणकडील भाषा बोलणारे, तसे आपले कोणी पूर्वज नाहीत आणि ज्यू पूर्वज नाहीत याची खंत वाटते, अशा आशयाचे ते उत्तर आहे. हिटलरच्या अमलातील प्रकाशकाला असे लिहायला घेणारा माणूस वंशवादाचा प्रचारक नव्हे. पण त्याच माणसाने पुढे १९५८च्या एका पत्रात ऑर्क कसे दिसतात ते सांगताना मंगोल चेहरेपट्टीचे विद्रूप रूप, असे वर्णन केले. वंशवादाला तोंडावर नकार देणाऱ्याच्या कल्पनेतसुद्धा दुष्टाला चेहरा द्यायचा म्हटल्यावर पूर्वेकडच्या माणसाचा चेहरा आला. ऑर्क आले कोठून, ते मुळातच वाईट आहेत की वाईट केले गेले, हा प्रश्न टॉल्किन यांना अखेरपर्यंत सतावत राहिला आणि त्यांना तो सोडवता आला नाही. त्यांच्याकडून ऑर्क उचलणाऱ्यांनी प्रश्न तिथेच ठेवला आणि उत्तर म्हणून एक शब्द छापला. दुष्ट.

खेळात याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. प्रत्येक जिवाच्या नावापुढे त्याची नीती लिहिलेली. सज्जन, दुर्जन, मधला. नियम मानणारा, न मानणारा. माणसाचे पात्र घेतले तर नीती आपण निवडायची. ऑर्क समोर आला तर ती १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आधीच छापून ठेवलेली. नवशिक्यांसाठीच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या प्रसिद्ध साहसात सरहद्दीवरचा एक किल्ला आहे आणि जवळच्या दरीत ऑर्क, गॉब्लिन वगैरेंच्या गुहा आहेत. खेळाडूंनी किल्ल्यातून निघून गुहांवर चालून जायचे. गुहांच्या वर्णनात लढणाऱ्यांबरोबर, न लढणाऱ्या बायका आणि पोरेही मोजून दिलेली आहेत. त्यांचे काय करायचे ते पुस्तक सांगत नाही. जगभरातल्या किती टेबलांवर बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी हा प्रश्न सूत्रधाराला विचारला असेल!

उत्तर अखेर गायगॅक्स यांनीच दिले. २००५ साली वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, धर्मनिष्ठ योद्ध्याने शरण आलेल्या शत्रूला मारणे योग्य ठरू शकते असे सांगताना त्यांनी लिखांपासूनच उवा होतात या अर्थाची इंग्रजी म्हण वापरली. ती म्हण अमेरिकेच्या इतिहासात कर्नल चिव्हिंग्टन याच्या नावाशी जोडलेली आहे. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोराडोत सँड क्रीक येथे त्याच्या सैन्याने शायान आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला करून कत्तल केली. मेलेल्यांत बायका, मुले आणि म्हातारे अधिक होते. म्हण वापरण्यामागे गायगॅक्स यांचा हेतू काय होता यात आम्ही शिरत नाही. ते २००८ साली वारले. पण दरीतल्या गुहांमधल्या पोरांचा प्रश्न आणि सँड क्रीकच्या पोरांचा प्रश्न यांना एकच उत्तर मिळाले, ही गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही.

‘मॅन्युअल’ हा शब्द आम्हा वकिलांना दुसऱ्या संदर्भात माहीत आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींची पोरे पाळण्यातच गुन्हेगार ठरली. सोलापूरच्या काटेरी तारांच्या सेटलमेंटची आठवण अजून घराघरांत आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण तुरुंगांच्या मॅन्युअलमध्ये त्याची भाषा राहिली. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा, कोणी झाडू मारायचा, भटक्या जमातीच्या कैद्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे सारे लिहून ठेवलेले होते. ते घटनाबाह्य ठरायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. म्हणून कोणी ‘हा तर नुसता खेळ आहे’ असे म्हणाले की आम्हाला हसू येते. माणसाचा स्वभाव जन्मावरून ठरवणारे नियमांचे पुस्तक हे काल्पनिक नाही. त्यातले ऑर्क तेवढे काल्पनिक आहेत.

आणि अपवादांची गोष्ट? ती तर आपल्या वाचकांना मुखोद्गत आहे. ‘ड्राउ’ म्हणून काळ्या कातडीचे एल्फ या खेळात आहेत, जमिनीखाली राहणारे, कपटी, क्रूर. १९८८ साली आर. ए. साल्वातोर यांच्या कादंबरीत ड्रिझ्ट नावाचा एक सज्जन ड्राउ आला आणि तुफान लोकप्रिय झाला. तो चांगला आहे कारण तो आपल्या लोकांना सोडून आला. ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो’ हे वाक्य कचेरीत, भाड्याचे घर पाहताना, कॉलेजात ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ड्रिझ्ट समजावून सांगावा लागत नाही.

आता राक्षसाकडे वळू. हे पान आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ याच नावाने आपला राक्षस आहे. वाघाचे डोके, अंगात झगा, हातात चिलीम. असे ट्रॅम्पिअर या चित्रकाराने काढलेले चित्र आजही प्रसिद्ध आहे. वर्णनात तो भारतातला, रूप पालटून फसवणारा, माणसे खाणारा. मारायचा कसा? मंतरलेला बाण लागला पाहिजे. आता हा मंतरलेला बाण रामायणातला असेल असे वाचकाला वाटेल. तसे नाही. डिसेंबर १९७४ मध्ये ‘कोलचॅक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात शिकागोच्या म्हाताऱ्यांच्या वस्तीत एक राक्षस येतो, ज्याच्यावर विश्वास असेल त्या माणसाचे रूप घेतो आणि शेवटी मंतरलेल्या बाणाने मरतो. खेळातला राक्षस त्या मालिकेतून आल्याचे मानले जाते आणि दोन्हींतली साम्ये पाहता ते पटते. २०१४च्या आवृत्तीतही सज्जनाने मारलेले टोकदार मंतरलेले हत्यार हीच त्याची दुखरी जागा. म्हणजे भारताचा म्हणून जगभर खेळला जाणारा हा राक्षस शिकागोच्या एका टीव्ही मालिकेचा! आणि ती मालिका तरी कोणाकडून शिकली? ज्यांनी राक्षसाला मारले त्यांनी लिहिलेल्या गोष्टींकडून.

दुसऱ्या बाजूने राक्षसाची गोष्ट लिहिली गेली नाही काय? गेली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि पुराणांतील दैत्य-राक्षस म्हणजे या भूमीचे मूळचे रक्षणकर्ते, बळी हा त्यांचा न्यायी राजा आणि अवतारकथा म्हणजे त्यांच्या पराभवाचा जेत्यांनी लिहिलेला वृत्तांत, अशी मांडणी केली. शब्दाची व्युत्पत्ती पंडितांना पटो न पटो, फुल्यांनी विचारलेला प्रश्न आजही तिथेच उभा आहे. पान कोणी लिहिले? बलिप्रतिपदेला बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या आया-बहिणींनी तर ते नक्कीच लिहिले नाही. आणि योगायोग पाहा. ‘गुलामगिरी’ फुल्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतील लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. बरोबर एकशेचार वर्षांनी त्याच अमेरिकेतून राक्षस परत आला, दुष्टांच्या यादीत नाव घालून.

नागांचेही तसेच. मॅन्युअलमध्ये नाग तीन तऱ्हांचे. रक्षक नाग सज्जन, दुसरा दुष्ट, तिसरा तटस्थ. निदान येथे एक तरी सज्जन ठेवला. पण मुचलिंद नागाने पावसात तथागतांवर फणा धरला ही कथा ज्यांना आजीने सांगितली, आणि दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना १५ ऑक्टोबर १९५६च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला हा इतिहास मांडला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नाग हा गुहेत खजिन्यावर बसवण्याचा प्राणी वाटणार नाही.

आता सुधारणांविषयी, कारण सुधारणा झाल्या आहेत आणि त्या नाकारणे अन्यायाचे होईल. वंशानुसार पायऱ्यांच्या मर्यादा २००० साली गेल्या. तरी २०१६च्या एका पुस्तकात ऑर्क पात्राच्या बुद्धीतून दोन गुण वजा होतेच; ते २०२० साली काढले. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत उसळलेल्या आंदोलनाच्या त्या उन्हाळ्यात, जून २०२० मध्ये, ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या मालक कंपनीने ऑर्क आणि ड्राउ यांच्या चित्रणात वंशद्वेषाच्या खुणा आहेत हे मान्य करून बदल जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ घेण्याचे ठरले, २०२४च्या पुस्तकात तो आला. त्याच पुस्तकात ऑर्क खेळाडूने घ्यायच्या पात्रांत सामील झाला आणि २०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधून त्याचे पान गेले. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या देशात पाठ्यपुस्तकातली ओळ बदलायला मोर्चे काढावे लागतात तिथल्या माणसांनी तिची किंमत ओळखावी.

पण दोन ठिकाणी आमची हरकत आहे. पहिली, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे संकराचे वंश नव्या पुस्तकातून गळले. हाफ-ऑर्कच्या जन्माची जुनी गोष्ट बहुधा बलात्काराची असे, ती घाण होतीच. पण घाण गोष्टीत होती, लेकरात नव्हती. गोष्ट बदलून दोन वंशांच्या माणसांनी प्रेमाने केलेल्या संसाराचे मूल म्हणून ते पात्र ठेवता आले असते. ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले, की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. इथे वंशवाद मोडायचा म्हणून मिश्र मुलेच गायब केली. मनूनेही संकरजातींना यादीच्या तळाशी का होईना, जागा दिली होती.

दुसरी हरकत अधिक बारीक आहे. पूर्वी ताकद, चपळाई, बुद्धी यांचे वाढीव गुण वंशावरून मिळत. आता ते ‘बॅकग्राउंड’वरून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातल्या धंद्यावरून मिळतात. असे सोळा धंदे २०२४च्या पुस्तकात आहेत. शेतकऱ्याला वाढ मिळते ती ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत. बुद्धीत नाही. सरदाराला ताकद, बुद्धी आणि प्रभाव. कारागिराला बुद्धी दिली आहे, हे मान्य करतो. तरी जन्म गेला आणि धंदा आला, एवढ्याने आपल्या माणसाचे समाधान कसे व्हावे? आपल्याकडे तर दोन्ही एकच होते. सूत्रधाराला स्वतःच्या बॅकग्राउंड तयार करण्याची मुभा आहे, असे उत्तर मुलांनी आम्हाला दिले. मुभा आहे, पण छापील कोष्टक ते छापील कोष्टक.

मग ठेवायचे काय आणि काढायचे काय? मुलांनी निवाडा मागितला होता, तो आम्ही दिला. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यात जन्माने येणाऱ्या खुणा वेगवेगळ्या आहेत, माणसांत तशी जातीची खूण नाही, असे दोन ब्राह्मण तरुणांना समजावले आहे. त्याच्या आधाराने आम्ही म्हटले, की पंख असोत, शेपूट असो, अंधारात दिसो, दगडाची कातडी असो. शरीराचे भेद खुशाल ठेवा, त्यांतच अद्भुताची मजा आहे. शील आणि प्रज्ञा मात्र कोणाच्या जन्मावर छापू नका. एका मुलीने लगेच अडवले. ती म्हणाली, ‘सर, मग खेळात अन्यायच उरणार नाही. गुलाम नाहीत, जुलमी राजे नाहीत, अस्पृश्यता नाही. मग लढायचे कोणाशी?’ प्रश्न बिनतोड होता. पण उत्तरही त्यातच आहे. अन्याय गोष्टीत असू द्या, भरपूर असू द्या. राजपुरोहिताने राक्षस जन्मतः दुष्ट आहेत असे भर दरबारात सांगावे, गावाने ते मानावे, त्यासाठी कायदा करावा. ते त्या पात्रांचे म्हणणे झाले. त्याच्याशी लढता येते, त्याला खोटे पाडता येते. तेच म्हणणे नियमांच्या पुस्तकाने केले, की त्या जगात ते सत्य ठरते, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला न्यायालय उरत नाही.

दुसऱ्यांनी लिहिलेली पाने आपण किती दिवस दुरुस्त करत बसणार, हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायला सुरुवात झाली आहे. २०२२ साली याच खेळाच्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या पुस्तकात तेरा साहसे आली, सगळी गोऱ्यांखेरीज इतर समाजांतल्या लेखकांनी लिहिलेली. त्यातले नद्यांच्या प्रदेशातले एक साहस बंगालच्या लेखिका मिमी मंडल यांचे आहे. त्या आपली दलित ओळख लपवत नाहीत. त्याच सुमारास अमेरिकेतील मूलनिवासी लेखकांच्या चमूने ‘कोयोटी अँड क्रो’ हा वेगळाच खेळ काढला. गोऱ्यांनी अमेरिका कधी जिंकलीच नाही, तर तिथे काय उभे राहिले असते, यावर तो रचला आहे. मराठीत असे काही अजून आमच्या पाहण्यात आलेले नाही.

२०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कचे पान नाही, राक्षसाचे आहे. पुण्यातल्या मुलांनी आपल्या प्रतीत त्या पानावर नीतीची ओळ पेन्सिलने खोडली असून पुढच्या रविवारपासून ती बळीच्या राज्यातला एक सारावसुली अधिकारी आणि त्याच्यावर सोडलेला वेषधारी बटू, अशी गोष्ट खेळणार आहेत. बटूचे पात्र घ्यायला अजून कोणी तयार झालेले नाही.